दुसरा घास

दार लोटून घ्या. आणि मधेच खिदळायचं असेल, तर आत्ताच आपापल्या घरी जा. ही गोष्ट माझ्या शेजाऱ्याची, सोबिरची. मार्गिलानच्या याच बाजारात घडलेली, गेल्या हिवाळ्यातल्या शेवटच्या गुरुवारी, दिवेलागणीनंतर.

सोबिरचा मुलगा उल्मास रशियात बांधकामावर होता. निघताना त्याने आपल्या रीतीप्रमाणे रोटीचा एक घास खाल्ला, उरलेली आईने भिंतीला टांगली. परतल्यावर ती त्यानेच संपवायची, तोवर भिंतीवरून काढायची नाही. शुक्रवारच्या विमानाने येतो, असा त्याचा निरोप आला आणि सोबिरला घरात बसवेना. गुरुवारी दुपारी त्याने रोटी खाली काढली.

"अहो, त्याचं पाऊल आधी घरात पडू द्या!" बायको ओरडली.

"दगड झालाय तिचा. पोराचे दात पाडतेस का?"

रोटी तंदूरमध्ये मऊ करून घ्यायला तो बाजारात पोचला, तेव्हा बाजार उठत आला होता. रोटी पाहून रोटीवाल्या ओयदिन-आपाचा चेहरा उतरला. "सोबिर-अका, एवढी कसली घाई होती तुम्हाला?" तरी तिने पाणी शिंपडून ती तंदूरमध्ये ठेवली. सोबिर पुलावासाठी पिवळी गाजरं आणि मुलासाठी भरतकामाची टोपी घ्यायला गेला. टोपीवाल्याशी मनसोक्त हुज्जत घातली त्याने, इतका खुशीत होता.

परत आला तर आपा हसत होती. "उगीच जीव टांगणीला लावलात माझा! आलाय की पोरगा."

"कोण?"

"उल्मास. आत्ता इथे उभा होता. भूक लागली म्हणाला. मी रोटी पुढे केली... एकच घास घेतला. बाकीची घरी टांगा म्हणाला."

सोबिरने रोटी उचलली. तिच्यावर आता दोन घासांच्या खुणा होत्या.

"ती टोपी घाला त्याला. डोकं उघडं होतं. केसांत बर्फ..."

मार्गिलानात त्या दिवशी बर्फ पडला नव्हता.

सोबिर धावला. टोप्यांची गल्ली. बंद दुकानं. पुढे एक पाठमोरा मुलगा. तीच चाल.

"उल्मास!"

तो थांबला. वळला नाही...

खिशातला फोन वाजला. सोबिरने खाली पाहिलं. मान वर केली, तर गल्ली रिकामी.

फोनवर उल्मासचा मुकादम रडत होता. आज दुपारी... परांचीवरून... खाली बर्फात...

दुपारी कधी, हे सोबिरने विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

रोटी त्याच्या भिंतीवर आहे. खाली काढायची कोणाची छाती नाही. मी स्वतः हात लावून पाहिलाय. पहिल्या घासाची कड वाळून खडखडीत झालीय. दुसऱ्या घासाची...

ती अजून ओली आहे. आणि गार.