पुढची सीट तिघांची

बेलवलीतल्या त्या शेडचं पत्र्याचं दार सरकवलं की आधी दिसायचं गाडीचं नाक. १९५७ सालची प्लिमथ, आकाशी रंगाची, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख आणि बंपर असा, की त्यात बघून जिज्ञासा शाळेच्या वेण्या घालायची. दहावीतल्या बाकीच्या पोरी रीलमधल्या गाड्यांवर जीव टाकायच्या. ही घरच्या गाडीचा कार्बोरेटर खोलून परत जोडायची आणि वर्गात ते सांगायचीही, कुणी विचारलं नाही तरी.

तिच्या पप्पांनी, हरिचंद्र भोईरांनी, नऊ वर्षं खपून गाडी उभी केली होती. पण आईने, तुळशीने, दिवाळीतच निकाल लावला होता. "विंटेजचे कागद झाले तर गाडी ऱ्हाईल. नाय झाले तर कात्रपचा जयदेव पैसे मोजून घेऊन जाईल. आन् कागद होईस्तोवर मी तिच्यात पाय ठेवणार नाय!" ती शेडकडे फिरकायचीसुद्धा नाही.

विंटेजच्या नोंदणीला गाडी मूळची हवी. तशी ती होतीच, फक्त पुढची सीट सोडून. कुणीतरी कधीतरी ती काढून तिथे दोन सुट्या खुर्च्या बसवल्या होत्या. मूळची सीट म्हणजे एकसलग बाक. गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे आरामात तिघं. दोन वर्षं शोधल्यावर पप्पांना उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडे त्याच सालच्या, त्याच मॉडेलच्या गाडीची सीट मिळाली. ती बाकीची गाडी कापून झाली होती.

उल्हासनगरच्याच कॅम्प तीनमधल्या महेंद्र सीटवाल्याने जुनं रेक्झिन उसवलं. आत काथ्या.

"हे फेक, हरिभाई. फोम टाकतो, एकदम मख्खन."

"फोम नको. ओरिजिनल आहे ते राहू दे."

"ओरिजिनल मतलब दुसऱ्याचं बसलेलं," महेंद्र हसला. पण काथ्या तसाच ठेवून त्याने वर नवं रेक्झिन शिवून दिलं.

सीट बसवली त्याच्या दुसऱ्या सकाळी मधोमध खळगा होता. उथळ, ताटाएवढा. ड्रायव्हरची बाजू सपाट, दाराकडची बाजू सपाट.

"काथ्या बसला असेल," पप्पा म्हणाले.

महेंद्र आला, उसवलं, एकेक स्प्रिंग दाबून बघितली, परत शिवलं. तीन दिवसांत खळगा परत. जिज्ञासाने आडवी लाकडी पट्टी ठेवून मोजला. चार सेंटिमीटर. तिने वहीत तारीख टाकून लिहूनसुद्धा ठेवलं, कारण सायन्समध्ये ती कुणाला ऐकत नव्हती. जानेवारीची थंडी होती, शेडमध्ये रेक्झिन हाताला बर्फासारखं लागत होतं. खळगा गार नव्हता.

हे तिने वहीत लिहिलं नाही.

महेंद्र दुसऱ्यांदा आला तेव्हा हसला नाही. "स्प्रिंग सगळी बराबर आहे, हरिभाई. वजन पडतंय म्हणून दबते."

"कुणाचं वजन? गाडीत कुणी बसतच नाही!"

महेंद्रने सीटकडे बघितलं. मग न उसवताच सुया, दोरा, कात्री पिशवीत भरायला लागला.

आरटीओची तपासणी दोन दिवसांवर आली होती.

तपासणीच्या सकाळी पप्पा स्टिअरिंगवर, जिज्ञासा दाराशी. आई आदल्या दिवशीच अंबरनाथला मावशीकडे गेली होती. कागद झाले तर येताना तिला घ्यायचं, असं ठरलं होतं. खळगा होताच. जिज्ञासाने कागदांची फाइल त्यावर ठेवली, म्हणजे निदान दिसायला नको. रस्ता सरळ होता. फाइल हळूच सरकून तिच्या मांडीवर आली. तिने परत ठेवली.

परत मांडीवर आली.

"धरून बस ना ती," पप्पा म्हणाले. त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही.

आरटीओच्या मैदानावर इन्स्पेक्टरसाहेबांनी बॉनेट उघडलं, नंबर ताडून बघितले, हॉर्न वाजवून घेतला. जिज्ञासाला वाटलं, आता सीट बघणार, खळगा बघणार, आणि गाडी जयदेवकडे जाणार.

"उतरा खाली सगळे," ते म्हणाले. "गाडी पूर्ण रिकामी करा."

दोघं उतरले. साहेब आत वाकले, सीटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला.

"वा! गादी अगदी कंपनीतून आल्यासारखी."

जिज्ञासाने मान आत घातली. सीट पाटासारखी सपाट होती.

कागद झाले. पप्पांनी भर मैदानात तिला उचलून गिरकी घेतली. सोळा वर्षांच्या पोरीला! ती ओरडली, हसली, फोटो काढले. गाडी त्यांचीच राहिली होती.

अंबरनाथला मावशीच्या दारात आई नवी साडी नेसून तयार होती. हॉर्न ऐकून शेजारपाजारचे बाहेर आले. जिज्ञासा टुणकन उतरली आणि दार धरून वाकून म्हणाली, "या बाईसाहेब! आधी तुम्ही बसा, मग मी."

आई पहिल्यांदाच गाडीत बसली. अगदी दाराला चिकटून, अंग चोरून. शेजारच्याला लागू नये तसा पदर मांडीवर गोळा करून घेतला.

"सरक ना गं मधे," जिज्ञासा म्हणाली. " मी दाराशी बसते मग."

आईने आपल्या आणि पप्पांच्या मधे बघितलं, मग तिच्याकडे.

"यडी का काय, बाय? पुढं कुठं जागा हाय? मागं बस."