सातव्या दगडाची चव

ओदिला रिफो गुडघे टेकून दगड चाटत होती आणि नेमका तेव्हाच तो वाफेच्या पडद्यातून बाहेर आला.

"भूक लागली असेल तर गेटवर भोपळ्याच्या पुऱ्या आहेत," तो म्हणाला.

ओदिला कानापर्यंत लाल झाली. पण ओशाळून गप्प बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. ती उठली, गुडघे झटकले आणि दगड त्याच्या नाकासमोर धरला.

"चिकणमातीचा दगड जिभेला चिकटतो. मिठाचा खारट लागतो. हा दोन्ही करत नाही. म्हणजे हा गरम झऱ्याच्या पाण्यानं घडवलाय. कळलं?"

"एवढं तर आमच्या कुरणातल्या लामांनाही कळतं. आणि त्या पगार मागत नाहीत."

"तुम्ही कोण?"

"ज्यांचे दगड तुम्ही चाटताय, त्यांच्यातला एक."

त्याचं नाव विदाल आयावीरे. तुरिकाल गावाच्या वरचे हे उकळते झरे गावाच्याच ताब्यात होते आणि त्यांची राखण त्याच्याकडे होती. वाऱ्यानं रापलेला चेहरा, डोक्यावर लोकरीची टोपी आणि डोळ्यांत असं काही मिश्कील की... ओदिलानं पटकन दगडाकडे नजर वळवली.

"बॅग उघडा," तो म्हणाला.

बॅगेत सात दगड होते. ओदिलानं एका दमात सांगून टाकलं. मंगळावर एक फिकट पट्टा दिसतो. तो गरम झऱ्यांनी घडवला की सुकलेल्या खाऱ्या तळ्यानं, हे तिला शोधायचं होतं. झरे असतील तर तिथे कधीकाळी जीवही असेल. म्हणून दोन्ही जातींचे दगड अंतोफागास्ता शहरातल्या प्रयोगशाळेत न्यायचे, त्यांच्यावर प्रकाश टाकायचा आणि येणारा आलेख मंगळाच्या आलेखाशी ताडून बघायचा. खालच्या मिठाच्या मैदानातले दगड तिनं कालच गोळा केले होते.

विदालनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "न्या. पण फोडायचे नाहीत. आणि परत आणून द्यायचे."

"परत? दगड?"

"वीस वर्षांत किती शास्त्रज्ञ आले. परत येतो म्हणून गेले. दगड आले नाहीत, शास्त्रज्ञही आले नाहीत."

"मी येईन."

"सगळे असंच म्हणतात."

"मी सगळ्यांसारखी दिसते?"

तो जरा जास्तच वेळ बघत राहिला. "नाही... बाकीच्यांनी चाटले नव्हते."

त्या दिवशी तिची जीप थंडीनं आणि उंचीनं रुसली. काही केल्या सुरू होईना. मग विदालनंच आपल्या पिकअपमधून तिला खाली सोडलं. मिठाच्या मैदानातल्या दगडांचा ट्रे तिच्या मांडीवर होता, झऱ्याचे दगड पायाशी. रस्ता असा की हाडं खिळखिळी व्हावीत. त्यात इथल्या कोरड्या हवेत दगडांवर डकवलेल्या चिठ्ठ्यांचा डिंक सुकून जाई. दर वळणाला एखादी चिठ्ठी गळून पडे.

"कागद टिकत नाही इथे," विदाल म्हणाला. "लोकर बांधा. आम्ही लामांच्या कानात ओवतो ना, तशी. वर्षानुवर्षं राहते. कोणाची लामा, लांबून कळतं."

"मंगळाच्या संशोधनाला लोकर! छान दिसेल."

"हसू नका. सहा वर्षांचा असताना मी आमच्या बाईंच्या कानात लोकर ओवायला गेलो होतो."

"बाईंच्या?"

"वर्गात. त्या झोपल्या होत्या. मला वाटलं, दुसऱ्या गावानं पळवून नेण्याआधी खूण केलेली बरी!"

ओदिला इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्या हसण्यातच आणखी दोन चिठ्ठ्या पडल्या. ट्रेमधून एक आणि बॅगेतून एक, असे दोन दगडही घरंगळले. तिनं न बघताच ते उचलले आणि थुंकी लावून चिठ्ठ्या पुन्हा डकवल्या. बघायला वेळ कुठे होता? ती त्याच्याकडे बघत होती.

पुढचे तीन महिने फोनवर गेले.

"दगड बरे आहेत?"

"मजेत आहेत. तुम्ही?"

"आता तू म्हटलंस तरी चालेल."

"मग तूही म्हण."

तिकडे सातव्या दगडाचा आलेख मंगळाशी तंतोतंत जुळला. झऱ्याचे बाकी सहा जुळले नाहीत, मिठाचा ट्रे तर अजून मोजायचाच होता, पण तिचे वरिष्ठ डॉक्टर बारियेंतोस म्हणाले, एक पुरे! मंगळावर गरम झरे होते, असं शुक्रवारी जाहीर करायचं ठरलं. शोधनिबंधावर पहिलं नाव ओदिलाचं. युरोपातल्या मंगळमोहिमेत जागाही तिचीच. बारा वर्षं तिनं याचसाठी डोळे फोडले होते. सरांना दगड कापून पक्की खात्री करायची होती, तेवढं तिनं होऊ दिलं नाही. शब्द दिला होता. आणि बुधवारी सकाळी ती सातही दगड घेऊन तुरिकालला हजर झाली.

विदालची आई, दोन्या सातुर्निना, झऱ्याला वाहायला कोकाची पानं घेऊन थांबली होती. एकेक दगड आपल्या जागी गेला, त्याच्यावर पान पडलं. म्हातारी खुशीत होती. विदाल तर फुलून आला होता.

"आलीस की खरंच," तो हळूच म्हणाला.

"नाहीतर तू मंगळापर्यंत मागे आला असतास."

सातवा दगड त्यानं हातात घेतला आणि थबकला. उलटा केला. तिच्याकडे पाहिलं. मग जीभ लावली.

"आता तूही?" ओदिला खळखळून हसली.

तो हसला नाही. "ओदिला... हा आमचा नाही. खारट आहे."

तिनं दगड हिसकावून घेतला आणि चाटला. खारट. चांगला खारटढोण! प्रयोगशाळेत हातमोजे होते, मास्क होता, सगळं होतं. फक्त जीभ लावायला बंदी होती. गाडीतल्या त्या दोन चिठ्ठ्या तिला आठवल्या आणि पायाखालची जमीन सरकली. हा मिठाच्या मैदानातला दगड होता. म्हणजे मंगळावरच्या त्या जागी झरे नव्हते... सुकलेलं तळं होतं.

"तुला गप्प बसता आलं नाही?" ती ओरडली. "ठेवून दिला असतास त्या खड्ड्यात! कोणाला कळलं असतं?"

"मला." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "तू जाशील म्हणून मला झोप नव्हती, ओदिला. आणि बोललो तर तू माझं तोंड बघणार नाहीस, हेही आत्ता कळलं होतं. पण मी रोज सकाळी इथून जातो. तुझं खोटं इथे पडलेलं मला बघवलं नसतं."

ती पाय आपटत गेटकडे गेली. फोनला रेंज तिथेच मिळे. तो आणि दोन्या सातुर्निना मागोमाग आले.

तिनं फोनवर दगडांची अदलाबदल सांगितली. सरांनी ऐकून घेतलं आणि ते फणकारले, "एका राखणदाराच्या जिभेवर तू शोध मागे घेणार?"

"जीभ माझीही आहे, सर."

"दगड परत गेला ना? मग संपलं. कोण तपासणार?"

"मी."

"बरं, निदान ड्रायव्हरनं घोळ घातला असं लिही. तुझी जागा तरी वाचेल."

ओदिलानं विदालकडे पाहिलं. तो मान खाली घालून टोपी पिळत उभा होता.

"गाडी तो चालवत होता, सर. चिठ्ठ्या मी लावत होते. पहिलं नाव माझं आहे ना? मग चूकही माझ्याच नावावर. दुपारपर्यंत सगळ्यांना पत्र जाईल, तुमच्या सहीनं किंवा सहीशिवाय."

"युरोप विसर मग!"

"विसरले," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मान ताठ होती.

"गेली जागा?" विदालनं विचारलं.

"गेली."

"माझ्यामुळे..."

"गप रे. तू हसवलंस, हा काय गुन्हा आहे? तळं तर तळं! टाळ्या नाही पडणार, पण खरं आहे. तेच लिहीन. आणि तुमचा खरा सातवा दगड अजून तिकडे मिठाच्या ट्रेमध्ये पडलाय. तो घेऊन येणार आहे. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं मोजणार. महिना लागो, नाहीतर वर्ष."

"वर्ष?" त्याचा चेहरा उजळला. "राहशील कुठे?"

उत्तर न देता ती दोन्या सातुर्निनाकडे वळली. "लोकर आहे?"

म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून लाल लोकरीचा गुंडा काढला. ओदिलानं हातभर धागा तोडला आणि तो खारट दगड गच्च बांधला. मग आणखी हातभर तोडला आणि विदालचं मनगट धरलं.

"अगं, ही मालकीची खूण असते," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"माहीत आहे."

"आई बघतेय!"

"बघू दे. चिठ्ठी पडते... हे नाही पडणार."

दोन्या सातुर्निनानं पुढे वाकून गाठ निरखली.

"सैल आहे, पोरी," ती म्हणाली. "दोनदा मार."

ओदिलानं दोनदा मारली.