तिकटीवर न पोचलेला उतारा

मंगळवार पेठेतल्या त्या चाळीत सकाळी नळ आला की पहिली घागर कुणाची, यावरून भांडण ठरलेलं. शेवंताबाई कमरेला पदर खोचून पुढं व्हायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आधी वैनींची लावा. घरात दुखणाईत माणूस हाय, कळतंय का न्हाई?" कुमुद मान खाली घालून घागर पुढं सरकवायची. कुणाचे उपकार घ्यायची तिला सवय नव्हती. त्या वर्षी लागली.

तिचा नवरा जोतीराम उद्यमनगरात एका फौंड्रीत फिटर होता. ऐन चैत्रात वरच्या साखळीचा हूक निसटला आणि त्याच्या डोक्यात बसला. मिरजेला नेऊन कवटी उघडली, रक्ताची गाठ काढली. कुमुद महिनाभराच्या वर तिथल्या बाकड्यावर झोपली. तेवढे दिवस पाच वर्षांच्या रंजूला समोरच्या शेवंताबाईनं सांभाळलं. आपल्या लेकीच्या, मंदीच्या ताटात जेवू घातलं, मंदीच्याच वाकळेत निजवलं. कुमुद परत आली तेव्हा दोघी पोरी एकाच रंगाच्या रिबिनी बांधून दारात उभ्या होत्या.

"एकीच्या दोन झाल्या बघा," शेवंताबाई हसत म्हणाली. "आता तुमची कुठली न् माझी कुठली, तुम्हीच वळखा."

जोतीराम जगला होता, पण मिरजेहून आलेला माणूस वेगळाच होता. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिरकावणारा, देवाच्या डोंगरावर गुलाल उधळायला निघालेल्यांची टिंगल करणारा जोतीराम आता उजाडायच्या आत पायरीवर जाऊन बसायचा. भादरलेल्या डोक्यावर टाक्यांची रेघ नालासारखी वळलेली. चिमण्या उतरल्या की त्याच्या डोळ्यांना धारा लागायच्या.

"कुमे, समदं आतनं उजळल्यागत हाय गं," तो म्हणायचा. "ती घागर बघ. ती रंजी बघ. तुला दिसत न्हाई?"

कुमुद मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. तिनं ट्रंकेतून कॉलेजातलं पुस्तक काढलं. मेंदूला मार बसल्यावर माणसाचा स्वभाव पालटतो, त्याला कसले कसले साक्षात्कार होतात, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. तिला धीर आला. पुस्तकात असलेली गोष्ट माणूस सहन करू शकतो.

मग तो म्हणू लागला, "मीरासाब येतोय, चहा टाक." आणि चहाला उकळी येते न येते तोच फौंड्रीतल्या मीरासाबची सायकल दाराला टेकायची. शेवंताबाईच्या कानातलं फूल हरवलं तर हा बसल्या जागेवरून म्हणाला, "पिठाच्या डब्यात." तिथंच सापडलं. कुमुदनं प्रत्येक गोष्टीला कारण शोधलं. सायकलची चेन वाजते, ती त्याला लांबून ऐकू येत असेल. पीठ मळताना फूल पडणारच, त्यात नवल काय? पण तिची सासू आक्का मात्र लेकाच्या पायरीवर हळदकुंकू वाहायला लागली, आणि गुरुवारी पेठेतल्या बाया नारळ घेऊन अंगणात बसायला लागल्या. जोतीराम कुणाचे पैसे घेत नव्हता, नारळही नाही. नुसता बघून हसायचा. त्या हसण्यानं बायांना रडू फुटायचं. कुमुद खिडकीआड उभी राहून हे सगळं बघायची. तिला लाज वाटायची, आणि थोडा अभिमानही.

अशाच एका गुरुवारी चाळीतली म्हातारी धोंडुबाई त्याच्या पुढ्यात येऊन बसली. "जोती, माझं गुडघं दुखायचं कवा राहायचं रं?" जोतीराम तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईकडे बघून हसला. म्हातारीनं परत विचारलं. मग त्यानं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला तो सरळ तिच्या मांडीवर. तांब्या कलंडला, लुगडं भिजलं, बाया हसल्या. "बघ की लेका, माणूस बसलंय हितं!" धोंडुबाई म्हणाली. त्याला ऐकूच आलं नाही. पुढचा गुरुवार उजाडायच्या आत धोंडुबाई गेली. म्हातारं माणूस, कुणाला काही वाटलं नाही.

श्रावणात मीरासाब आला. कोडोलीला बहिणीकडं चालला होता, वाटेत टेकला. कुमुदनं चहा दिला. दोघं समोरासमोर बसलेले, गुडघ्याला गुडघा लागेल असे. जोतीराम दाराकडं बघत म्हणाला, "मीरासाब आला न्हाई गं अजून?"

मीरासाब मोठ्यानं हसला. "वैनी, ह्याचा एखादा नट ढिला ऱ्हायलाय बघा. मिरजेला न्या परत, आवळून आणा." त्यानं जोतीरामच्या खांद्यावर थाप मारली. जोतीरामचा खांदा हलला, चेहरा हलला नाही. "येणार हुता म्हणा," तो शांतपणे म्हणाला, "पण आता काय येतोय?"

कोडोलीच्या रस्त्यावर एका ट्रकनं मीरासाबला सायकलीसकट उडवलं. बातमी आली तेव्हा कुमुद भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी पूर्ण थापली, तव्यावर टाकली, उलटली. हात चालू होते. तिला कळलं होतं. आधी धोंडुबाई, आता हा. आक्काकडं बघितलं, तर आक्कालाही कळलं होतं.

त्यानंतर कुमुदचं एकच काम होऊन बसलं. रंजूला त्याच्यासमोर उभं करायचं आणि त्याचे डोळे बघायचे. सकाळी उठल्या उठल्या, शाळेत जाताना, आल्यावर. "बाबांना हाक मार गं." तो "काय रं, माझ्या वाघा" म्हणाला की ही कामाला लागायची. संध्याकाळी पुन्हा तेच.

पितरांचा पंधरवडा सरता सरता एके दिवशी रंजू पायरीवर खडूनं चित्र काढत बसली होती. जोतीराम घरातून बाहेर आला आणि तिच्या हातावर पाय देऊन उभा राहिला. अंगाचा सगळा भार टाकून. रंजू किंचाळली. सगळी चाळ दारात आली. जोतीराम आभाळाकडं बघत उभा होता, तोंडावर तेच हसू. कुमुदनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "काय झालं गं? आन् रंजी कुठाय? सकाळधरनं दिसली न्हाई."

त्या दुपारी कुमुदनं दार लावून घेतलं. डॉक्टर म्हणाले होते की कधी कधी अशा रुग्णाला एका बाजूचं दिसेनासं होतं. तिनं सुजलेल्या हाताच्या रंजूला त्याच्या डाव्या बाजूला बसवलं. मग उजव्या. मग समोर, मग मांडीवर. "बाबा," रंजू म्हणाली. "बाबा, ओ बाबा." मांडीवर पोर असताना तो मांडीवरची धूळ झटकावी तसा हात फिरवत होता. तो हात रंजूच्या तोंडावर बसत होता. शेवटी रंजूनं हाक मारायचं सोडलं आणि आईकडं बघितलं.

पुस्तकात ह्याला काही नव्हतं.

"उतारा टाकाय पायजे," आक्का म्हणाली. कुमुद नाही म्हणाली नाही. दुसऱ्याच दिवशी अवस होती. आक्कानं पत्रावळीवर दहीभात घेतला, त्यावर काळे उडीद, बिब्बा, लिंबू, हळदकुंकू. रंजूला भिंतीशी बसवून पायापासून डोक्यापर्यंत उतरवलं आणि पत्रावळ कुमुदच्या हातात दिली.

"तू आई हाईस, तूच न्यायचं. पेठेच्या टोकाला तीन वाटा मिळत्यात, त्या तिकटीवर ठेवायचं. जाताना-येताना कुणासंगं बोलायचं न्हाई. मागं बघायचं न्हाई. पहिलं जे वलांडंल, त्येच्या पदरात जातंय."

"कुणाच्या?"

"आपल्याला काय करायचं? तिकटी हाय. कोण वडगावचा, कोण कोडोलीचा बाजारकरू जाईल त्यावरनं. आपल्या वळखीचं न्हवं ते."

दिवे लागायच्या वेळी कुमुद पदराखाली पत्रावळ धरून निघाली. तिकटी दिसायला लागली, आणि तिथं पिठाच्या गिरणीपुढं तिच्या कॉलेजातल्या मॅडम उभ्या दिसल्या. ह्याच मॅडमनी वर्गात भानामती कशी खोटी यावर तास घेतला होता आणि कुमुदच्या निबंधाला सगळ्यांत जास्त मार्क दिले होते. कुमुद जागच्या जागी थिजली. दह्याचं पाणी पत्रावळीतून मनगटावर ओघळत होतं. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता, आणि ह्या अवतारात मॅडमसमोर जायला तिचे पाय उचलेनात.

ती वळली. चाळीच्या मागच्या बोळात नहाणीच्या सांडपाण्यापाशी पत्रावळ खाली ठेवली. तो बोळ चाळीचाच. तिथून परकं माणूस जात नाही. हे तिला माहीत होतं. ठेवताना माहीत होतं.

चार पावलं चालल्यावर मागून अनवाणी पळतानाचा आवाज आला. मागं बघायचं नव्हतं. तिनं बघितलं.

मंदी होती. हातात रिकामी कळशी, परकर वर खोचलेला, तोंडानं काहीतरी गुणगुणत येत होती. पत्रावळ अजून तिच्यापासून लांब होती. "थांब" म्हणायला पुष्कळ वेळ होता. कुमुदचं तोंडही उघडलं.

पण घरी पोचेपर्यंत बोलायचं नव्हतं.

मंदीनं टुणकन उडी मारली. पलीकडं उतरून मागं वळून बघितलं, आणि कुमुद दिसताच हसली. "काकू, बघा की, कुणीतरी भात सांडलाय!"

कुमुद घरी आली, पाय धुतले, चूळ भरली.

सकाळी जोतीरामनं रंजूला उचललं. तिचा सुजलेला हात गालाला लावला. "कुठं हुतीस गं इतकं दिस?" तो रडत होता. आक्का देवापुढं आडवी झाली. कुमुदनं भिंतीला टेकून डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

दुपारी दोघी पोरी अंगणात सागरगोटे खेळत होत्या. मंदीनं झेलले, रंजूनं टाळ्या पिटल्या. जोतीराम पायरीवरून कौतुकानं बघत होता.

"रंजे," तो म्हणाला, "एकटीच काय खेळतीस गं?"

"मंदी हाय की, बाबा."

"कुठाय?"

कुमुदनं धावत जाऊन रंजूला दंडाला धरून आत ओढलं. मंदी हातात सागरगोटे घेऊन तशीच बसून राहिली. समोर तांदूळ वाळत घालणारी शेवंताबाई उठली. "का वो वैनी? भांडल्या का पोरी?"

"अभ्यास आहे तिचा," कुमुद म्हणाली.

आत आक्का कुजबुजली, "आपली वाचली न्हवं? मग गप बस."

कुमुद गप्प बसली. दुसऱ्या दिवशी शेवंताबाईनं पहिली घागर तिचीच लावली, तेव्हाही. रंजूला तिनं घरातच ठेवलं. पुन्हा मंदीच्या अंगाला अंग लागलं आणि ते परत फिरलं तर? मंदी दारात यायची, वाट बघायची, जायची. कुमुदनं तिच्याकडं बघणंच सोडून दिलं. नजर भिडली तर तोंडातून काहीतरी निघून जाईल अशी धास्ती. सुरुवातीला त्यासाठी मान वळवावी लागायची. मग लागेनाशी झाली.

एका दुपारी ती उंबऱ्यापाशी सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"काकू, रंजू हाय?"

तिनं खडा वेचला.

"काकू, मी काय केलो? रंजू का येत न्हाई?"

आवाज अगदी जवळ होता, रडवेला. कुमुदनं दुसरा खडा वेचला. रंजू मंदीच्या वाकळेत महिनाभर झोपली होती, ते तिला आठवलं. पोरीला जवळ घ्यावं. शेवंताबाईला आत्ताच्या आत्ता सगळं सांगावं. काही उपाय असेल. तिकटी असेल.

तिनं मान वर केली. "मंदे—"

उंबऱ्यात कुणी नव्हतं. ऊन पडलं होतं.

गेली असेल, कुमुदला वाटलं. इतक्यात पळालीसुद्धा. तिनं अंगणात नजर टाकली. अंगण रिकामं होतं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं.

समोरच्या दारातून शेवंताबाई हसत ओरडली, "वैनी, बोला की वो तिच्यासंगं! कवाधरनं पदर धरून हुबी हाय बिचारी."

कुमुदनं खाली बघितलं. तिच्या पदराचं टोक जमिनीपासून हातभर वर होतं. ताणलेलं.