जमलं की नाही

२००४ सालचा जानेवारी होता. जुन्नर स्टँडवर माझी एसटी चुकली, म्हणून मी रिकामे क्रेट घेऊन चाललेल्या एका पिकअपला हात केला.

"वारूळवाडीच्या द्राक्षांच्या पॅकहाउसला सोडाल? तिथल्या सुपरवायझरला लीडरशिप शिकवायचीय. बायकांवर फार ओरडतो म्हणे!"

"लई वरडतो," चालवणारा गंभीरपणे म्हणाला. "सुधरंल का वो त्यो?"

"न सुधारून सांगतो कुणाला!"

पॅकहाउसच्या दारात उतरल्यावर त्यानं खिशातून शिट्टी काढून गळ्यात अडकवली. सुपरवायझर तोच — पारगावचा प्रबुद्ध. माझे कान तापले... आणि तो गालातल्या गालात हसत होता.

दोन दिवस मी तक्ते लावले, खेळ घेतले, टाळ्या मिळवल्या. शेवटी प्रबुद्धनं हात वर केला.

"रागवू नका मॅडम. हितं दरसाली ट्रेनिंगवालं पावणं येत्यात. शिकिवत्यात, जेवत्यात, जात्यात. सोमवारी माल भरताना आमाला पुन्हा वरडायचंच आठवतं."

मला राग आला, कारण ते खरं होतं. "मग मी दर गुरुवारी येईन," मी म्हटलं. "एकच गोष्ट करायची. हुकूम सोडण्याआधी समोरच्याला विचारायचं. आणि जमलं की नाही, ते वहीत लिहायचं."

पहिल्याच गुरुवारी माझ्यासमोर त्यानं घड निवडणाऱ्या गोजरबाईंना अडखळत विचारलं, "मावशी... माल का चेंगारतोय?"

"क्रेट गच्च भरा म्हणून तूच वरडतोस की रं!"

सगळ्याजणी हसल्या. तो लाजला, आणि तोही हसला. त्या हसण्यानं माझी पंचाईत केली. पुढचा गुरुवार फार लांब वाटायला लागला.

मग गुरुवार येत गेले. तो माझ्यासाठी कागदात एक घड बाजूला ठेवायचा.

"खाऊन बघता का? हुकूम न्हाई, इचारतोय."

"विचारायला चांगलं शिकलात की!"

"कुठं... लई कच्चा हाय अजून."

वहीतही तो दर आठवड्याला तेच लिहायचा — 'जमलं नाही.' गुरुवारी तो ओरडताना दिसायचा नाही, पण ते माझ्यापुरतंच असेल असं मला वाटायचं. मी त्या पानाची झेरॉक्स तशीच पुण्याला, आमच्या हेड ऑफिसला पाठवत होते. मार्चअखेर हेड ऑफिसच्या साहेबांचा फोन आला. तीन महिन्यांत काहीच फरक नाही, कार्यक्रम बंद, एक तारखेपासून तुम्ही कामावर येऊ नका.

मी गोजरबाईंना गाठून वही वाचून दाखवली.

"खोटाय त्यो!" त्या उसळल्या. "दोन म्हयनं झालं, वरडला न्हाई. शिट्टी खुंटीला टांगलीय, बघ जा."

मी तडक जाऊन वही त्याच्यासमोर आपटली. "खोटं का लिहिलंस? माझी नोकरी गेली त्यापायी!"

त्याचा चेहरा उतरला. "नोकरीचं ठाव न्हवतं... जमलं म्हणून लिवलं आसतं, तर तुमी यायच्या बंद झाला आसता."

राग तर होताच, पण 'जमलं नाही'ची ती सगळी पानं मला आता वेगळीच वाटायला लागली.

त्यानं तिथल्या तिथं हेड ऑफिसला फोन लावला. "सायेब, खोटं मी लिवलं. काय शिक्षा करायची ती मला करा. खरं काय ते बायांना इचारा." आणि रिसीव्हर गोजरबाईंच्या हातात दिला. त्यांनी साहेबांना दहा मिनिटं बोलूच दिलं नाही.

नोकरी वाचली. कार्यक्रम आता दुसऱ्या पॅकहाउसमध्ये न्यायचा ठरला. वारूळवाडीला माझी गरज उरली नव्हती.

एसटीच्या थांब्यापर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला. एसटी दिसली, तसं मीच म्हटलं, "काही विचारायचं राहिलंय का?"

"रविवारी..." तो थांबला. "रविवारी आमी पावणं म्हणून जुन्नरला तुमच्या घरी आलो तर?"

मुलीच्या घरी पाहुणे कशाला येतात, ते मला कळत होतं.

"येऊन, जेवून, निघून जाणारे पाहुणे असाल तर नको."

"तुमचा होकार घेतल्याबिगर न्हाई हालायचो."

एसटीत बसल्यावर मी वही उघडली. त्याच्या शेवटच्या 'जमलं नाही'मधला 'नाही' खोडला.