ओ देणारा खडक

तुंगाबाई, तुमच्या पवित्राच्या लग्नासाठी तुम्ही धरणाच्या बॅकवॉटरकाठची जागा बघून आलात असं सकाळी म्हणालात, तेव्हा चारचौघांत मी गप्प बसले. आता करंट गेलंय, दिवा लावलाय, अप्पाही आत पडलेत. बसा. सांगते.

माझी धाकटी बहीण चंदना. आई गेली तेव्हा ती धड बोलतही नव्हती. तिचं न्हाणं, जेवण, शाळा सगळं मीच केलं. मग ती बेंगळुरूला नोकरीला लागली आणि तिथे तिला तरुण नावाचा मुलगा भेटला. आपल्यातलाच, कृष्णराजनगरच्या भातशेतीवाल्या घरातला. दोघांनी ठरवलं होतं, लग्न लहान करायचं.

"छत्र नको अक्का, मोठा हॉल नको, हजार माणसं नकोत," चंदना म्हणाली. "सुम्ने, नुसती आपली जवळची माणसं. झाडाखाली, पाण्याजवळ. माइक पण नको. मंत्र ऐकू आले पाहिजेत, अल्वा?"

मला ते मनापासून आवडलं. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून एका दुपारी आम्ही तिघं जागा बघायला निघालो. म्हैसूरचं हिनकल मागे पडलं, येलवाल ओलांडलं आणि उजवीकडे आत वळलो. दोन्ही बाजूंना नाचणीची कापलेली रानं, मग तांबडी वाट, आणि एकदम समोर पाणी. वाऱ्याला चिखलाचा आणि ओल्या गवताचा वास होता. जागेचा मालक मंजुनाथ आमची वाट बघत उभा होता. कंपनीतली नोकरी सोडून तो गावी परतला होता आणि पाहुण्यांसाठी त्याने काठावर कौलारू खोल्या बांधल्या होत्या.

जागा सुंदर होती, खोटं कशाला बोलू? उतारावर बुटकं गवत, दोन मोठे करंज, त्यांची सावली थेट पाण्यापर्यंत. आणि समोर, पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडे एक काळा उघडा खडक. मधोमध खोलगट, ओंजळीसारखा.

"ओ अन्नो बंडे," मंजुनाथ कन्नडात हसत म्हणाला. "ओ म्हणणारा खडक. माझी आजी तेच नाव घ्यायची. हाक मारून बघा."

चंदनाने हात तोंडाशी नेऊन स्वतःचंच नाव पुकारलं. खडकाकडून ते परत आलं, इतकं स्वच्छ की पाणकावळे उडाले. तरुणने स्वतःचं नाव घेतलं, तेही आलं. दोघं लहान मुलांसारखी ओरडत होती आणि खडक एकेक शब्द परत करत होता.

"अक्का, इथंच!" चंदना म्हणाली. "माइक कशाला लागतोय?"

ऊन उतरायला लागलं. मंजुनाथशी मांडव कुठे, पाहुण्यांच्या गाड्या कुठे, असं बोलणं संपवून मी निघाले, तर चंदना अजून पाण्याच्या कडेला उभी. मी तिला सहज हाक मारली. घरातल्या नावाने, आई मारायची तशी.

"ताने, चल गं घरी, उशीर झाला!"

ती वळली, आली. पण मी मात्र जागची हलले नाही. माझी हाक परत आली नव्हती.

मी थांबून वाट पाहिली. वारा पडलेला, पाणी निवांत. चंदनाची हाक आली, तरुणची आली, मघाशी मंजुनाथचा खोकलासुद्धा आला होता. माझेच शब्द तेवढे त्या खोलगट भागात गेले आणि तिथेच राहिले. कुणी काहीतरी हातात घेऊन मूठ मिटावी, तसं वाटलं. गाडीत मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं?

पुढच्या खेपेला अप्पांना नेलं. त्यांना लेकीच्या लग्नाची जागा दाखवायची होती, शिवाय मांडवाची मापं घ्यायची होती. करंजाखाली खुर्ची टाकून त्यांना बसवलं. तरुण आणि मंजुनाथ काठ्या रोवत होते, चंदना सुतळी धरून उभी होती. मी थर्मासमधली कॉफी ओतत होते. कुणीच काही बोलत नव्हतं. आणि त्या शांततेत, पाण्यापलीकडून आवाज आला.

"ताने, चल गं घरी, उशीर झाला..."

कॉफी माझ्या हातावर सांडली. ते माझेच शब्द होते. पण हाक मारून आठवडे लोटले होते हो... आणि आवाज माझ्यासारखा असला, तरी माझा नव्हता. शेवटचा 'झाला' जरा लांबवलेला, थकलेला. मी तसं बोलत नाही.

अप्पा खुर्चीतून उठले होते. गुडघ्यांमुळे एरवी त्यांना हात द्यावा लागतो. ते एकटे उठले आणि पाण्याच्या दिशेने चालायला लागले.

"भागीरथी?" ते म्हणाले.

भागीरथी म्हणजे माझी आई.

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तुंगाबाई. स्टेशनवर गाडी आल्यावर माणूस डब्यांकडे बघतो ना, तसे ते बघत होते.

"आईच होती," घरी आल्यावर चंदना म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "अप्पांनी ओळखलं. मला तर आईचा आवाज आठवत पण नाही अक्का. पहिल्यांदा ऐकला."

"आईचा त्या जागेशी काय संबंध?" मी म्हणाले. "ती तापाने गेली, इथे म्हैसूरच्या दवाखान्यात. ती जागा तिने जन्मात बघितली नव्हती. चंदना, आपण दुसरीकडे करूया लग्न."

"बेडा अक्का, नको! माझ्या लग्नाला आई येतेय आणि तू तिला नको म्हणतेस?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते खिडकीशी बसून होते, मान एका बाजूला कलती, काहीतरी ऐकत असल्यासारखी.

"असू दे की गं," ते म्हणाले. "बोलावणं आपणच दिलंय."

त्या दिवसानंतर चंदना आणि मी नीट बोललोच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. ती सुट्टी काढून म्हैसूरला आली, लग्नाची कामं आहेत म्हणायची आणि स्कूटर घेऊन बाहेर पडायची. दमून परत यायची, गप्प. तिचं बोलणंच कमी होत गेलं. मी काही विचारलं तर आधी मान तिरकी करायची, क्षणभर थांबायची, मग उत्तर द्यायची. कुणीतरी उत्तर सांगावं आणि तिने ते म्हणावं, असं. तरुणलाही फोनवर ते जाणवलं होतं. तो धास्तावून बेंगळुरूहून आला, त्याच दिवशी मंजुनाथचा फोन आला.

"मेडम, तुमची बहीण दुपारपासून इथे आहे," तो म्हणाला. "रोज येते. खडकाशी बोलत बसते. मी आधी हसलो. पण आज... मेडम, तुम्ही या. लगेच या."

आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य पलीकडे टेकला होता. पाणी तांबूस, खडक काळा ठिक्कर. मंजुनाथ फाटकाशीच उभा होता, पुढे यायला तयार नव्हता. उतारावरून मी आणि तरुण खाली निघालो, आणि बोलणं ऐकू यायला लागलं. चंदनाचंच. भराभर, आनंदाने, खूप दिवसांनी माहेरी आलेली मुलगी बोलते तसं. साडीबद्दल, तरुणबद्दल, माझ्याबद्दलसुद्धा.

"अक्का रागावलीय गं," आवाज म्हणत होता. "पण येईल ती. आत्ता येईल..."

मला हायसं वाटलं. ती निदान बोलत होती. मग करंज ओलांडला आणि ती दिसली.

ती पाण्यात उभी होती, कमरेपर्यंत. खडकाकडे तोंड करून. आम्ही बाजूने येत होतो, त्यामुळे तिच्या चेहऱ्याची एक बाजू स्पष्ट दिसत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

बोलणं चालूच होतं.

"चंदना!" मी ओरडले.

तिने मान वळवली नाही. पापणीही हलवली नाही. पण पलीकडून, त्या खोलगट काळोखातून, लगेच उत्तर आलं. तिच्याच आवाजात. लहानपणापासून मी हाक मारली की ती देते तशीच, लाडात.

"ओ अक्का... आले..."

आणि चंदनाने पाय पुढे टाकला.

तरुणने कपड्यांनिशी उडी घेतली. पाणी तिच्या गळ्यापर्यंत गेलं होतं तेव्हा त्याने तिला मागून कवेत धरलं. ती झगडली नाही, ओरडली नाही, नुसती जड झाली होती. तो नंतर सांगत होता की भिजलेलं धान्याचं पोतं ओढावं तसं वाटत होतं. मी गुडघाभर पाण्यात जाऊन तिचे हात धरले. बर्फासारखे. आणि आम्ही तिला काठावर ओढत असताना तो आवाज बोलतच होता... साडीबद्दल... जेवणाबद्दल... कोण कोण येणार त्याबद्दल. मी कान झाकू शकत नव्हते, हात गुंतले होते.

गाडीत तिला शालीत गुंडाळलं. ती तोंड उघडायची आणि आवाज निघायचा नाही. येलवालचे दिवे दिसले तेव्हा कुठे घोगरा, फाटका आवाज फुटला.

"अक्का..."

"बोल गं. बोल."

"आधी मी बोलायची ते ती परत म्हणायची. मग... मी बोलायच्या आधीच ती म्हणायला लागली. माझ्या मनातलं सगळं, बरोब्बर." तिने शाल घट्ट ओढून घेतली. "मग मला बोलायचं कारणच राहिलं नाही, अक्का."

मी तिला छातीशी धरलं आणि रडले. तिला आठ दिवस ताप होता. ताप उतरला, आवाज परत आला, आणि एका सकाळी तिने स्वतःहून म्हटलं, "लग्न इथंच करूया. घरामागे." मी तिचे केस विंचरायला घेतले.

लग्न आमच्या परसात झालं, आंब्याखाली. जवळची माणसं, माइक नाही, तिला हवं होतं तसंच. मुहूर्त सकाळचा होता. आंतरपाट दूर झाला आणि तिने तरुणकडे पाहिलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर माझी जुनी चंदना होती. दोघं आता बेंगळुरूला सुखात आहेत. रोज फोन येतो, भरभरून बोलते. तिच्याबद्दल मला आता भीती नाही.

मुहूर्तानंतर पंगत बसली. केळीची पानं मांडली, सारू-भात वाढला. सगळे बसले, पण अप्पा बसेनात. तरुणच्या वडिलांनी आग्रह केला, चंदनाने हात धरला.

"तुम्ही जेवा," अप्पा हसून म्हणाले. "माझं पान आहे."

वयस्कर माणूस, उपास असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. मंजुनाथ. गडबड नको म्हणून मी विहिरीकडे गेले.

"मेडम, लग्न इथे करणार नाही म्हणालात ना?" त्याचा आवाज बसला होता. "मग ही माणसं कुणी पाठवली?"

"कुठली माणसं?"

"माणसं नाही बघितली मी. मी गावात होतो. आत्ता आलो तर... फोटो पाठवतो. तुम्हीच बघा."

फोटो आला. करंजाखालचा उतार. गवतावर केळीच्या पानांच्या पंगती, थेट पाण्याच्या कडेपर्यंत. जेवून झालेली पानं, चिखलाने माखलेली, ओली. आणि सगळी पलीकडे दुमडलेली. आपल्यात शुभकार्याला पान स्वतःकडे दुमडतात. पलीकडे दुमडतात ते मयताच्या जेवणाला, तुम्हाला सांगायला नको.

मी फोटो मोठा करून बघत गेले. पाण्याजवळच्या टोकाला एकच पान उघडं होतं. त्यावर सगळं वाढलेलं, कुणी हात न लावलेलं. आणि भातातून वाफ निघत होती.

मी फोन पदराखाली घेतला आणि वळले. अप्पा माझ्या पाठीमागेच उभे होते. त्यांनी फोटो पाहिला नव्हता, तुंगाबाई, मी शपथेवर सांगते. तेव्हापासून मी त्यांना क्षणभरही एकटं सोडत नाही, दाराला आतून कुलूप लावते. त्या दुपारी ते पायांत चप्पल चढवत होते, एका हाताने विहिरीचा कठडा धरून, घाईघाईने.

"चल गं, मला सोडून ये," ते म्हणाले. "भात गार होईल."