सात नंबरची लाईन

हे खरं घडलंय. एबनेझरमामा उगाच काहीबाही सांगणारा माणूस नव्हे.

मागच्या मार्चमधला रविवार. कारेगाव. दुपारचे तीन.

मामांनी पंचवीस वर्षं वायरिंग केलंय. त्या दिवशी सर्जेरावांनी त्यांना आपल्या बारा खोल्यांच्या चाळीवर बोलावलं होतं. भाडेकरू सगळे कंपनीतले, शिमग्याला गावी गेलेले. चाळीत चिटपाखरू नव्हतं.

"मामा, बोर्ड बघा आन् समदं ठीक हाय म्हणून सही करा. म्या चहा सांगून येतो," म्हणून सर्जेराव गेले.

मामांनी जिन्याखालच्या पेटीचं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला.

एकेका स्क्रूखाली दोन-दोन वायरी कोंबलेल्या. बारीक वायरीवर बत्तीस ॲम्पियरचा ब्रेकर. म्हणजे वायर जळून जाईल, पण ब्रेकर पडायचा नाही. अर्थिंगची हिरवी वायर तर कशालाच जोडलेली नव्हती... नुसती लोंबकळत होती.

त्यांनी मेन स्विच पाडला.

खट्.

कुणाच्या तरी फ्रिजची घरघर थांबली. सगळं गप्प...

मामा एकेक वायर टेस्टरनं तपासू लागले. एक, दोन, तीन... सहापर्यंत टेस्टर पेटला नाही.

तेवढ्यात समोरच्या सात नंबरच्या बंद दाराआडून आवाज आला.

बाईचा. अगदी साधा.

"दादा... लाईट बंद केली का?"

कुणीतरी मागं राहिलेलं दिसतंय, मामांना वाटलं.

"पाणी तापलंय. रॉड बादलीतच हाय. हात घालू का?"

मेन तर बंदच होता. मामा 'हो' म्हणायला तोंड उघडत होते...

आणि टेस्टर सातव्या वायरीला टेकला.

लालभडक पेटला.

"नको! हात घालू नको, पोरी!"

आत बादली कलंडली.

मग काहीच नाही...

मामा दाराकडे धावले. दाराला बाहेरून कुलूप होतं. गंजलेलं.

त्यांनी कडीला हात लावला.

कडी कोमट होती...

"प्रभू, सांभाळ," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

सर्जेराव परत आले ते मामांचा चेहरा बघून जागीच थबकले.

"आत कोण हाय, सर्जेराव?"

सर्जेराव हळूच म्हणाले, "तुम्हालाबी इचारलं तिनं?"

मामांनी कुलूप काढायला लावलं. आत बोटभर धूळ. बादली नाही. पाण्याचा थेंब नाही.

सर्जेराव पायरीवर बसले.

"नीलम नाव व्हतं तिचं. दोन वर्सं झाली. सातची लाईन म्या घाईत मेनच्या आधीच जोडून घेतली व्हती, मेन पाडला तरी ती चालूच ऱ्हायची. आजबी तशीच हाय. वायरमन कामाला आला, त्यानं मेन पाडला. तिनं आतून इचारलं... त्यो 'हो' म्हणला."

मामांनी सही केली नाही. सातची लाईन त्याच दिवशी तोडायला लावली, आणि नवं वायरिंग होईस्तोवर चाळीत वीज येऊ दिली नाही.

या गोष्टीला वर्ष होत आलं. मामा अजून काम करतात. पण परवा जेवताना घास हातातच ठेवून मला म्हणाले,

"मी 'नको' म्हणालो, एवढं पक्कं आठवतंय. पण त्याच्या आधी... सवयीनं 'हो' निघून गेला असंल का रे?"

मी म्हटलं, "नाही, मामा."

ते ताटाकडे बघत राहिले.

"मग बादली का कलंडली?"