बरगडीमागची बोटं

धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनच्या दिवशीच रुग्णालयाचा सर्व्हर भरावा, हे कॉम्प्युटरवाल्याचं नशीब. सकाळचे अकरा वाजले होते. तिच्या छातीचा स्कॅन साठवायला जागा नव्हती, आणि स्कॅन पाहिल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते. छातीतली गाठ आज काढली नाही तर श्वास कोंडेल, असं त्यांनी बजावलं होतं.

तळघरातल्या थंड खोलीत तो एकटाच होता. बंद झालेल्या जुन्या विभागातून आलेली एक डिस्क सर्व्हरमध्ये बसवलेली होती. तिचा अर्धा भाग कधीच वापरला नव्हता. सर्व्हरच्या लिनक्स प्रणालीवर हे काम म्हणजे त्याच्या हातचा मळ: ती मोकळी जागा सर्व्हरच्या साठ्यात घ्यायची, स्कॅन ठेवायच्या भरलेल्या कप्प्याला जोडायची, कप्पा ताणायचा. मोकळी म्हणजे कोरी, असं धरून चालायची त्याला सवय होती. आत काय आहे, हे त्याने पाहिलंच नाही.

कप्पा ताणला गेला आणि स्कॅन साठला. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग खोलीत ओल्या कापसाचा वास आला. त्याने स्कॅन उघडून पाहिला. बहिणीच्या बरगड्यांमागे हाडांची पाच बोटं होती, पाठीवर पसरलेली. त्याने तीन वर्षांपूर्वीचा एका म्हाताऱ्याचा स्कॅन उघडला. त्यातही तीच बोटं. कालच्या बाळाच्या स्कॅनमध्येही... हात तेवढाच, मोठ्या माणसाचा.

हा कप्पा वाढवता येत होता, आखडता येत नव्हता. डिस्क उपटली, तर सगळ्यांचे स्कॅन मातीत, बहिणीचाही. ठेवली, तर... ते त्याला ठाऊक नव्हतं. आपणच ही बला तिच्या अंगाशी आणली, एवढंच त्याला कळत होतं.

त्याने वर ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सला फोन लावला.

"सिस्टर, थोडं थांबवता येईल का?"

"दादा, आत घेतलंय त्यांना. गाठ सोडली तर स्कॅन अगदी स्वच्छ आलाय म्हणाले डॉक्टर."

"स्वच्छ? त्यात... दुसरं काही नाही दिसलं?"

"नाही बाई. काळजी करू नका." तिचा आवाज खाली आला. "फक्त भूल चढेपर्यंत एकच धोशा लावला होता तुमच्या बहिणीनं. पाठीवरचा हात काढा म्हणे... आणि दादा, त्या तर उताण्या झोपल्या होत्या."